झोपाळ्याचा रंग 'लेड-फ्री', पण फक्त बिलावर

चवथ तोंडावर आली की गोव्यात रंगाऱ्यांची झुंबड उडते, आणि फसवणूकही त्याच घाईत उरकून जाते. पर्वरीतल्या एका वसाहतीत मुलांच्या झोपाळ्या-घसरगुंडीचे काम असेच झाले. कोटेशनमध्ये 'लेड-फ्री एनॅमल', म्हणजे बिनशिशाचा रंग, दरही त्या मानाने चढा. कामावर आलेला डबा नामांकित कंपनीचा, पण झाकण आधीच उघडलेले. आतला रंग ज्या मूळ डब्यातून ओतला होता, तो नंतर कचऱ्याच्या पिशवीत सापडला. त्यावर बारीक अक्षरात लिहिले होते, 'फक्त औद्योगिक वापरासाठी'.

मेख इथेच आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे किलोमागे 90 मिलिग्रॅम. हे नियम 2016 मध्ये निघाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. औद्योगिक रंग मात्र त्यांच्या कक्षेत नाहीत. त्यामुळे दुकानदार कायद्यात बसतो. फसवतो तो कंत्राटदार, कारण तोच डबा तो मुलांच्या खेळण्यावर चढवतो.

सर्वांत जास्त संशय पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांचा घ्यावा. हे रंग भडक आणि टिकाऊ व्हावेत म्हणून लेड क्रोमेट हे शिशाचे रंगद्रव्य वापरतात. त्यात वजनाने सुमारे 64 टक्के शिसे असते. किलोभर सुक्या रंगात ते एक ग्रॅम जरी पडले तरी 640 पीपीएम होतात, मर्यादेच्या सातपट! आणि एक ग्रॅमने पिवळा रंग काही उठून दिसत नाही. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त घालतात. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, रंगाचे पापुद्रे सुटतात, साखळी घासून भुकटी पडते, आणि मुलांचे हात तोंडात जातातच.

म्हणून कोटेशनमध्ये नुसते 'लेड-फ्री' चालवून घेऊ नका. कंपनी, रंगाचे नाव, शेड आणि 'शिसे 90 पीपीएमपेक्षा जास्त नाही' हे वाक्य लिहून घ्या. डबे सीलबंद यावेत, आपल्यासमोर उघडावेत, लेबल आणि बॅच नंबरचे फोटो काढावेत. रिकामे डबे मोजून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. रंगारी कुरकुरला तर समजून जा.

रंग लागून गेला असेल तर बाजारातल्या स्वॅबवर, म्हणजे रंगावर घासून शिसे ओळखायच्या काडीवर, भरवसा नको. लेड क्रोमेटवर तो बरेचदा उशिरा रंग बदलतो किंवा बदलतच नाही, आणि 90 पीपीएमइतके कमी शिसे त्याला कळत नाही. खरवडलेला नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. शिशाची तपासणी तिच्या मान्यतेत आहे ना, हे आधी विचारा.

जास्त शिसे निघाले तर कोरडा पॉलिशपेपर मारू देऊ नका, ब्लोटॉर्चही नको; भुकटी आणि धूर दोन्ही घातक. मुलांना लांब ठेवून, खाली प्लॅस्टिक अंथरून, रंग ओला करूनच खरवडायचा. वरून नवा हात मारून भागत नाही, पापुद्रा खालच्या थरासकट निघतो. मुले तिथे बरेच दिवस खेळली असतील तर बालरोगतज्ज्ञांना विचारून रक्तातील शिसे तपासून घ्यावे. लहान मुलात लक्षणे दिसेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.