लग्नाच्या यादीसाठी गुगल शीट वापरली, त्याचा रिव्ह्यू

ताईच्या लग्नाला अडीच महिने राहिलेले आणि पाहुण्यांची यादी चार ठिकाणी, आईची वही, बाबांचं डोकं, ताईचा मोबाईल आणि माझं व्हॉट्सॲप. रोज जेवताना त्याच त्याच नावांवरून वाद, काल मिटलेलं आज परत सुरू. शेवटी वैतागून गुगल शीट बनवली आणि सगळ्यांना एडिटर करून टाकलं, ही चूक माझीच.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी फक्त नावांचा कॉलम सॉर्ट केला, आकडे जागच्या जागी, त्यामुळे एकटी राहणारी आत्या सहा जणांना घेऊन येणार असं दिसायला लागलं 😅 व्हर्जन हिस्टरीमधून आदल्या रात्रीची शीट परत आणली, दोन मिनिटांचं काम. मग मी शहाणपणा करून आईबाबांना कमेंटर केलं तर बाबा दोन दिवस धड बोलेनात, "आमच्या मुलीच्या लग्नात आम्ही आता फक्त कमेंट करायची का". बरोबरच होतं त्यांचं. परत एडिटर केलं आणि आकड्यांचा कॉलम तेवढा प्रोटेक्ट केला, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. एका शीटमध्ये १ कोटी सेल मावतात म्हणे, आमच्याकडे सगळी भांडणं ३०० ओळींतच झाली.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. लॅपटॉपवर सेलवर राइट क्लिक करून एडिट हिस्टरी बघता येते, कोणी कधी काय बदललं आणि आधी काय होतं ते सगळं. टोटल तपासताना एका ओळीत नाव नव्हतं पण आकडा होता ४. हिस्टरी उघडली तर मामाचं नाव. आईचं आणि मामाचं सहा वर्षं बोलणं बंद आहे, ती आमच्यासमोर एकच सांगायची, त्याचा विषय नको. आणि इथे रात्री १:४० ला नाव टाकलंय, १:५२ ला पुसलंय, दोन दिवसांनी परत टाकलंय, परत पुसलंय. सगळं आईच्याच अकाउंटवरून.

शीटला पाचपैकी पाच, आमच्या घराला साडेतीन.

आईला तोंडावर विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून त्या रिकाम्या सेलवर कमेंट टाकली, "हे ४ धरू का?" संध्याकाळी रिप्लाय आला, "धर."

नाव अजून टाकलेलं नाही तिने.