कोळंबीच्या तळ्याचं पाणी साफ करायला क्लोरेला की स्पिरुलिना?

पालघर, रायगडकडे व्हेनामी कोळंबी करणाऱ्यांचा हल्ली ठरलेला प्रश्न, की बाहेर सोडायच्या पाण्यात शेवाळ वाढवायचं तर कुठलं. आपण खाद्य टाकतो त्यातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन कोळंबीच्या अंगी लागतच नाही, तो अमोनिया होऊन पाण्यात उतरतो नाहीतर गाळात बसतो. तो खायचं काम क्लोरेलापण करतं आणि स्पिरुलिनापण.

क्लोरेला म्हणजे खरं हिरवं शेवाळ. पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी याचं माप) 7-8 ला खूश, म्हणजे तळ्याचं पाणी जवळपास आहे तसंच चालतं, अमोनिया पटापट ओढतं. पण काढायचं कसं? एकेक पेशी 2 ते 10 मायक्रॉनची, कुठल्याच फडक्यात अडकत नाही, आणि नाही काढलं तर मरून सगळा नायट्रोजन परत पाण्यात, म्हणजे मेहनत फुकट.

स्पिरुलिनाला लोक शेवाळ म्हणतात पण ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे खरं तर जिवाणू, निळं-हिरवं शेवाळ हे त्यांचं नुसतं रूढ नाव. त्याचे स्प्रिंगसारखे लांब धागे असतात त्यामुळे बारीक जाळीच्या कापडातून गाळलं की झालं, वर 60 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन, वाळवून माशांच्या खाद्यात घालता येतं (माणसांना विकायचा विचार करू नका, सांडपाण्यातलं आहे ते). पण त्याला पीएच लागतो 9 ते 10.5, म्हणजे सोडा बायकार्ब (खायचा सोडा) गोणीने आणा, आणि तेवढ्या पीएचला पाण्यातला अर्धाअधिक अमोनिया विषारी रूपात जातो, असं पाणी सरळ कोळंबीत सोडलं तर काय होईल ते सांगायला नको.

आणि एक, भातखाचरात निळं-हिरवं शेवाळ टाकतात ना, ॲनाबिना, नॉस्टॉक वगैरे, ते कुणी फुकट दिलं तरी इथं टाकू नका. ते हवेतला नायट्रोजन पकडून आणतं म्हणून भाताला चांगलं, आपल्याला तर नायट्रोजन घालवायचाय! स्पिरुलिना तसं करत नाही. तळ्यावर आपोआप हिरव्या रंगासारखा तवंग येतो तो बऱ्याचदा मायक्रोसिस्टिस, तोही सायनोबॅक्टेरियाच, काही जाती विष सोडतात, त्याला फुकटचा फिल्टर समजू नका.

माझं मत विचाराल तर पाणी फिरवून तळ्यातच वापरायचं असेल तर क्लोरेला किंवा मिश्र हिरवं पाणी (अनेक हिरव्या शेवाळांचं मिळून), फूट-सव्वा फूट खोलीच्या उथळ टाकीत, पॅडलव्हीलने ढवळत, आणि काढायची कटकट नको तर पुढच्या टाकीत तिलापिया सोडा, तो चरतो, अर्थात परवानगीचं बघून. स्पिरुलिना फक्त त्याने करावी ज्याच्याकडे वेगळी टाकी आहे आणि खाद्यातच पैसा वाचवायचाय. रात्री दोन्ही ऑक्सिजन खातात, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) बंद ठेवून चालणार नाही. आणि जून ते सप्टेंबर कोकणात ऊनच नसतं, तेव्हा दोन्हीकडून फार अपेक्षा नको, त्या चार महिन्यांत खाद्य मोजून टाका आणि गाळ वेळेवर उपसा.