लसूणघास: जनुकबदल की मार्कर-निवड?

चारापिकांत संशोधन करू पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीला हा पेच पडलाय: लसूणघास सुधारायला प्रयोगशाळेत थेट जनुक बदलावं, की डीएनएतल्या खुणा (मार्कर) पाहून चांगली रोपं निवडत जावं?

आधी पचनीयता. लिग्निन (वनस्पतीला ताठपणा देणारा, न पचणारा घटक) वाढलं की देठ चिवट होतात, गाय पाला खाऊन ते गव्हाणीत तसेच सोडते. अमेरिकेत एकच जनुक दाबून लिग्निन घटवलेल्या लसूणघासाला २०१४ मध्ये सरकारकडून लागवडीची मोकळीक मिळाली. अशा एकेका गुणासाठी जनुकबदल थेट लागू पडतो. उत्पादन किंवा पाण्याचा ताण सोसणं अनेक जनुकांवर अवलंबून. तिथे मार्कर-निवडच बरी, गुणसूत्रांच्या चार संचांमुळे काम किचकट असलं तरी.

मधमाश्या परागकण शेजारच्या शेतात नेतात. बदललेलं जनुक असं पसरणं मला फार गंभीर वाटतं.

म्हणून भारतात वाण शेतकऱ्यापर्यंत न्यायचा असेल तर मार्कर-निवड. एखाद्या जनुकाचं काम प्रयोगशाळेत उलगडायचं असेल तर जनुकबदल.