जपानी शब्दार्थांचं अ‍ॅप: आठ महिने वापरल्यानंतर

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार अजून त्यांच्याकडे पडून आहे. मार्चमध्ये वर्षाचे १,४९९ रुपये भरले आणि डिसेंबरच्या एन-फोर या जपानी भाषेच्या परीक्षेसाठी रोज अर्धा तास वापरलं. पहिले चार महिने वर्गातल्या सगळ्यांना हेच घ्या म्हणून सांगत होते.

मग तो मेल गेला. आमच्या कंपनीत एक जपानी बाई आहेत, सगळे त्यांना युकी-सान म्हणतात. अ‍ॅपमध्ये 'युकी: बर्फ' एवढंच, शेजारी बर्फाची कांजी, म्हणजे अर्थ सांगणारं चिनी वळणाचं अक्षर. वाढदिवसाच्या शुभेच्छा देताना मी तीच कांजी टाकली. उत्तर नेहमीसारखं नम्र आलं, फक्त खाली सहीत त्यांनी स्वतःचं नाव कांजीत लिहिलं होतं. ती कांजी सुखाची. बर्फाचा काही संबंधच नाही! दिवसभर मला कसंतरी होत होतं.

जपानी नावाचा अर्थ उच्चारात नसतो, कांजीत असतो. 'अकिरा'च घ्या. डावीकडे सूर्य, उजवीकडे चंद्र अशी कांजी असेल तर 'उजळ'. पण अकिरा दुसऱ्या कितीतरी कांजींनी लिहितात. उलटही होतं: सुखाची तीच कांजी कुणाच्या नावात युकी, कुणाच्या साची, कुणाच्या मियुकी. म्हणूनच तर मे २०२५ पासून जपानच्या कोसेकीत, म्हणजे कुटुंबनोंदणीत, नावाचा उच्चारही अधिकृतपणे नोंदवतात. आणि हे अ‍ॅप एका ओळीत अर्थ देऊन मोकळं. आडनावांत ते बरं आहे (तनाका म्हणजे शेताच्या मधोमध, यामामोतो म्हणजे डोंगराचा पायथा), कारण तिथे कांजी बहुधा ठरलेल्या.

तक्रारीला उत्तर आलं, 'आपली सूचना नोंदवली आहे.' दुसऱ्यांदा स्क्रीनशॉट जोडले, तरी अक्षरशः तेच.

पैसे परत मागणारच होते, पण त्यातल्या आवाजांनी थांबवलं. 'हाशी'मध्ये सूर 'हा'वर चढून उतरला तर खायच्या काड्या, 'शी'वर चढला तर पूल. कानाला फोन लावून वीस-वीस वेळा ऐकलं, तेव्हा फरक पकडता आला. पाऊस आणि चघळायची गोळी, दोन्ही 'अमे', तिथेही तसंच. एवढ्यासाठी पैसे वसूल झाले म्हणेन.

शब्दार्थ मात्र तोकडेच. 'केक्को देसु'समोर 'उत्तम आहे' असं लिहिलंय. चहा विचारल्यावर कुणी हे म्हणालं तर कप भरू नका, ते आपलं 'असू दे' आहे.

पुढच्या वर्षीचे पैसे भरणार नाही. नावांसाठी जेएमनेडिक्ट या जपानी नावांच्या कोशावर चालणारे मोफत शब्दकोश आहेत, त्यात सात लाखांवर नोंदी. युकी टाकलं की कांजींची रांगच येते. मुदत संपेपर्यंत उच्चार तेवढे घोटून घेते.

गेल्या आठवड्यात युकी-सानना पुन्हा मेल लिहिला, त्यांच्या सहीतली कांजी समोर ठेवून.