बांबोळी, पुणे की गावातली मीटिंग? दारू सोडवायला निघालेल्या घरांसाठी

गोव्यात फोंडा, डिचोली, पेडणे कुठेही कुणाच्या घरी दारूचं प्रकरण हाताबाहेर गेलं की तीन सल्ले हमखास मिळतात. कुणी म्हणतं बांबोळीला सरकारी मनोरुग्णालयात न्या, कुणी म्हणतं पुण्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवा, आणि कुणी ओळखीचा एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगला घेऊन जायची तयारी दाखवतो. घरचे मग खर्च किती आणि गावात चर्चा किती होईल, एवढं बघून ठरवतात. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट तपासायला हवी: दारू थांबली की पिणाऱ्याच्या शरीराचं काय होतं?

सकाळी चहाची कपबशी हातात खडखडते, अंगाला घाम सुटतो आणि पहिला पेग पोटात गेला की हात स्थिर होतात, असं असेल तर त्याला घरात कोंडून दारू तोडायला लावू नका. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, बायकोची ओळख पटत नाही. अशा वेळी बाहेरचं काही लागलं म्हणून कौल घ्यायला धावणारी घरं आहेत. देवावर श्रद्धा असू द्या, पण आधी गाडी काढा. यात माणूस दगावतो.

अशा माणसासाठी बांबोळी पहिली, यात मला शंका नाही. तिथली मनोरुग्ण उपचार संस्था सरकारी आहे, मानसोपचारतज्ज्ञ आहेत, आणि लिव्हर बिघडलेलं असेल किंवा रक्ताची उलटी झाली तर गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) जवळच आहे. थरथर आणि फिट टाळणाऱ्या गोळ्या ठरावीक मात्रेत सुरू करून हळूहळू कमी करतात, सोबत थायामिन (ब१ जीवनसत्त्व) देतात. हे काम घरी अंदाजाने होत नाही. लोक ‘मेंटल हॉस्पिटल’ म्हणून बिचकतात, ते मी समजू शकतो. तिथे भेटणारे निम्मे लोक आपल्यासारखेच भाऊ, बायको, आई घेऊन आलेले असतात. खरी अडचण वेगळी आहे. शरीरातली दारू उतरली म्हणजे ओढ गेली असं नाही. माणूस घरी येतो, तोच बसस्टँड, तोच बार, तीच संध्याकाळ. म्हणून बांबोळीला सुरुवात समजा आणि डिस्चार्जच्या आधीच पुढचं ठरवा.

पुढचं म्हणजे निवासी केंद्र असू शकतं. मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात सुरू केलं. तिथला उपचार साधारण पाच आठवड्यांचा. ठरलेली दिनचर्या, समुपदेशन, गटात बोलणं, आणि सगळं मराठीत. आपल्या घरांसाठी ही भाषेची बाजू फार मोठी आहे. मनातली लाज परक्या भाषेत बाहेर पडत नाही. रुग्णांच्या पत्नींसाठी तिथे ‘सहचरी’ हा गटही चालतो. पण पुणं लांब आहे. घरच्यांना पुन्हा पुन्हा जाणं जमत नाही, पाठपुरावा सुटतो. टॅक्सीवाल्याला किंवा हॉटेलात कामाला असणाऱ्याला हंगामात एवढी रजा परवडत नाही. पावसाळ्यात धंदा थंड असतो तेव्हा जमवता आलं तर बघा. जवळच हवं असेल तर फादर जो परेरा यांच्या कृपा फाउंडेशनचं व्यसनमुक्तीचं काम गोव्यातही आहे.

खासगी केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ खाली नोंदणी आहे का, डॉक्टर कोण आणि कधी येतो, रुग्णाशी आपल्याला बोलता येईल का, हे पैसे भरण्याआधी विचारा. साखळीने बांधून ठेवायला कायद्याने बंदी आहे. रुग्ण बाई असेल तर महिलांची वेगळी सोय आहे का, हे फोनवरच विचारून घ्या.

एए मीटिंगला फी नाही, नाव-गाव सांगावं लागत नाही, अट एकच: दारू सोडायची इच्छा. आपल्याच गावात ओळखीचे भेटतील अशी भीती असेल तर शेजारच्या तालुक्यातल्या मीटिंगला जा. थरथरणाऱ्या माणसाचा उपचार तिथे होणार नाही. पण दवाखान्यातून सुटल्यावर, विशेषतः शनिवार-रविवारी, त्याला बसायला दुसरी जागा मिळते, आणि पुन्हा प्यायला तरी त्याच खुर्चीवर परत येता येतं. हे वर्षानुवर्षं चालू शकतं. कुठलंही केंद्र एवढं देऊ शकत नाही.

हात थरथरत नाहीत पण पिणं वाढलंय, अशा माणसाला थेट दाखल करायची घाई नको. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ संस्थेने ३७७ पुरुषांवर अभ्यास केला, तो २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी, डॉक्टरांनी नव्हे, चारपर्यंत बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के जणांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं, न मिळालेल्यांत २६ टक्के. फरक छोटा वाटेल, पण लवकर बोलण्याचा फायदा होतो हे आपल्याच गावांतून सिद्ध झालंय.

‘न सांगता जेवणात मिसळा’ अशा जाहिराती येतात. त्या औषधावर पैसे घालू नका. डायसल्फिरामसारखी, दारू सोडवायला दिली जाणारी गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर जीवावर बेततं. ती रुग्णाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायची असते.

आणि तो तयार नसेल तर? तरीही तुम्ही सुरुवात करू शकता. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन आहे, तिथे पिणाऱ्याने यायची गरज नसते. बारची उधारी फेडणं आणि साहेबाला ‘त्याला ताप आलाय’ असं फोनवर सांगणं, ही दोन कामं या आठवड्यापासून थांबवा. कुठून सुरू करायचं कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी नशामुक्ती हेल्पलाइन आहे. फोन बायकोने किंवा आईने केला तरी चालतो.