दाढीचं क्रीम की साबणाची वडी: महाग फेस नक्की कुठे जमतो?

टेलर ऑफ ओल्ड बाँड स्ट्रीटचं चंदनी क्रीम घेऊ की मिचेल्स वूल फॅटची वडी, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, घरी पाणी कुठलं येतं? प्रश्न खवचट वाटतो, पण निम्मा निकाल तिथेच लागतो.

दाढीचा साबण म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्ल आणि अल्कली. अल्कली पोटॅशियमचा असेल तर साबण मऊ होतो आणि चटकन विरघळतो, सोडियमचा असेल तर कडक होतो. क्रीममध्ये पोटॅशियमचा भाग मोठा आणि पाणी आधीच मिसळलेलं. वडीला ते पाणी तुम्ही ब्रशने पाजायचं. आता बोअरवेलच्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम या साबणाला गाठतं आणि त्याचा न विरघळणारा चिकट साका करतं. म्हणजे फेसासाठी घासलेला साबण आधी पाण्याचीच भूक भागवतो. मुंबईत भातसा-तानसाचं किंवा पुण्यात खडकवासल्याचं पाणी येत असेल तर काळजी नको. आमच्या सोसायटीत एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले, की एरवी गुबगुबीत फेस देणारा साबण वाटीत पातळ, करडं काहीतरी करून ठेवतो आणि बेसिनच्या कडेला पांढरी रेघ धरते. त्यावर उपाय साधा आहे: अर्धी वाटी आरओचं पाणी. एका दाढीच्या फेसाला तेवढं पुरून उरतं.

क्रीमची बाजू थोडक्यात सांगून होते, कारण त्यात चुकायला फार जागाच नाही. टेलर कंपनी 1854 सालची. नावात ओल्ड बाँड स्ट्रीट असलं तरी लंडनमधलं दुकान आता जर्मिन स्ट्रीटवर आहे. त्यांच्या 150 ग्रॅमच्या डबीतून बदामाएवढं क्रीम घ्या, ब्रश भिजवून नीट झटका आणि वाटीत घोटा. मिनिटाभरात फेस तयार. बिघडतो तो दोनच कारणांनी: ब्रश निथळता ठेवला तर साबणाच्या पाण्यासारखे मोठे बुडबुडे येतात, आणि हात सैल सोडून दुप्पट क्रीम घेतलं तर डबी दोन महिन्यांत तळाला जाते. बदामाच्या मापाने शंभरेक दाढ्या सहज व्हाव्यात.

वडीचं तसं नाही. माझी पहिली महागडी वडी मी तीनदा वापरून मोरीच्या फडताळात टाकली होती. दोष वडीचा नव्हता, माझ्या घाईचा होता. मिचेल्समध्ये लॅनोलिन, म्हणजे लोकरीतला मेणचट स्निग्धांश असतो. तो त्वचेला फार मानवतो, पण फेसाला जरा दाबून धरतो. म्हणून अंघोळीला जाताना वडीवर चमचाभर कोमट पाणी घालून ठेवा. परत आल्यावर ते ओतून द्या, ब्रश पिळून ओलसर तेवढा ठेवा आणि वडीवर पाऊण-एक मिनिट गोल घासत राहा. सुरुवातीला नुसते बुडबुडे दिसतात. इथेच बहुतेक जण फसतात, ‘आला फेस’ म्हणून गालावर जातात आणि अर्ध्या दाढीत चेहरा कोरडा पडतो. थांबा. बुडबुडे विरून केसांच्या टोकांना मलमासारखा चिकट लेप धरला, आवाजही दबला, की मगच वाटीत किंवा थेट गालावर या. त्यानंतर पाणी कणकेला लावतो तसं, बोटं बुडवून थेंबाथेंबाने. चक्क्यासारखं घट्ट दिसतंय तोवर त्याला तहान आहे. फेटलेल्या दह्यासारखी चकाकी आली, की पुरे. या खटाटोपाचं फळ दुसऱ्या हाताला, उलट्या दिशेने पातं फिरवताना कळतं. फेस पुसला गेला तरी खाली निसरडेपणा उरलेला असतो. क्रीममध्ये मला तो एवढा मिळत नाही.

एक गोष्ट घेण्याआधी बघा. मिचेल्समध्ये प्राण्यांची चरबी आहे. डब्यावरच्या यादीत ‘टॅलोएट’ दिसलं, की चरबी समजायची. घरात ते चालत नसेल तर ही चर्चा इथेच संपते.

प्रोरासोची हिरवी डबी या दोघांच्या मधली. नावाला साबण, पण मऊ, लोण्याच्या जवळ जाणारा. घासायला वडीइतका वेळ लागत नाही. निलगिरी आणि मेंथॉलमुळे मे महिन्यात गालांना बरं वाटतं. डिसेंबरातल्या सकाळी नाशिककरांनी विचार करावा.

ब्रशचं म्हणाल तर क्रीमला कृत्रिम केसांचा उत्तम, आधी पाण्यात भिजत ठेवायची गरज नाही. वडीला मला डुकराच्या राठ केसांचा आवडतो, साबण ओरबाडून काढतो. पण तो चार-पाच मिनिटं पाण्यात ठेवावा लागतो आणि पहिले काही आठवडे हट्टीपणा करतो.

रोज सातची लोकल गाठायची असेल किंवा घरी टँकरचं पाणी असेल, तर डोळे झाकून क्रीम. पाणी हलकं आहे आणि सकाळची दहा मिनिटं हाताशी आहेत, तर वडी. माझी 125 ग्रॅमची वडी आठवड्याला चार दाढ्या करून वर्षभर गेली. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात मात्र ओल्या वडीवर झाकण लावू नका. रात्रभर उघडी वाळू द्या, नाहीतर वर गिळगिळीत थर धरतो आणि दुसऱ्या दिवशी निम्मी वडी ब्रशलाच चिकटून येते.