परतवाड्यात घेतलेला वॉकर अँड हॉलचा जुना काटे-चमचे सेट: चांदी म्हणून नाही, जेवायला म्हणून घ्या

आधी निकाल सांगून टाकतो, मग बाकीचं. वॉकर अँड हॉल या इंग्रजी कंपनीचा जुना सेट कुठं दिसला आणि चमच्यांच्या पाठीवरचा चांदीचा मुलामा शाबूत असला तर घेऊन टाका, पस्तावणार नाही. फक्त चांदीच्या भावात घेऊ नका आणि घेतल्यावर शोकेसमध्ये कोंडू नका. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यापासून रोज वापरून राहिलो, पिठलं-भात, दही, आमरस, पाटवडीचा रस्सा, सगळ्याला तेच चमचे, आणि इतकं सुबक, हातात नीट बसणारं भांडं मी आजच्या स्टीलमध्ये पाहिलेलं नाही.

आता दुकान. परतवाड्यात जुन्या सामानाची दुकानं आहेत, मोडकी कपाटं, पितळी घंगाळं, कंदील असं सगळं एकावर एक रचलेलं असतं. इथं इंग्रजांची छावणी होती, वर चिखलदऱ्याला साहेबांचे बंगले, त्यामुळं असा माल या भागात निघतो याचं नवल नाही. मी गेलो त्या दुकानात ओकच्या लाकडाची पेटी होती, आत हिरवं कापड, झाकणाची बिजागरी निखळलेली, काही खाचा रिकाम्या. दुकानदार म्हणे, "शुद्ध चांदी होय भाऊ, इंग्रजाच्या टायमाची, वजन तं पाहा!" भाव पण तसाच, तोळ्यावर सांगून राहिला. वागायला माणूस चांगला, पेटी खाली काढून दिली, उजेडात न्यायला दिली, एकेक नग उलटून पाहू दिला, घाई केली नाही. पण माल काय आहे ते त्याला माहीत नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं, म्हणून दुकानाला त्या एका गोष्टीचे मार्क कापतो.

चमचा उलटा केला की दांड्यावर छोटे छोटे शिक्के दिसतात, एकेका चौकटीत एकेक अक्षर, ई, पी, एन, एस. दिसायला अगदी खऱ्या चांदीच्या हॉलमार्कसारखे, आणि इथंच लोक फसतात. त्याचा अर्थ इलेक्ट्रो प्लेटेड निकेल सिल्व्हर. निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, त्यात चांदीचा कणही नाही, चांदी फक्त वरून चढवलेली. इंग्लंडच्या खऱ्या चांदीवर, म्हणजे स्टर्लिंगवर, चालत्या सिंहाचा शिक्का असतो, तो इथं नसतो. चुंबक लावून पाहणं काही कामाचं नाही कारण निकेल सिल्व्हर पण चिकटत नाही. आपल्या इकडं चांदी म्हणलं की खामगाव, तिथल्या सराफ्यात असला चमचा नेला तर मोडीत काहीच येणार नाही, हे पक्कं डोक्यात ठेवूनच भाव करा. मी दुकानदाराला अक्षरं दाखवली, समजावून सांगितलं, मग तो साडेतीन हजारावर आला, आणि एवढ्या चमच्या-काट्यांना तो भाव मला रास्त वाटला.

पण चांदी नाही म्हणजे हलका माल असं समजू नका, कारण या धंद्यामागं मोठी कारागिरी आहे. आधी इंग्लंडच्या शेफिल्ड शहरात थॉमस बोल्सोव्हरनं १७४३ च्या सुमारास तांब्याच्या लादीवर चांदीचा पत्रा तापवून एकजीव करायची रीत काढली, ती ओल्ड शेफिल्ड प्लेट. मग १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननं वीज वापरून मुलामा द्यायचं पेटंट घेतलं, म्हणजे तयार चमचा सायनाइडच्या द्रावणात लटकवायचा, समोर चांदीची पाटी, करंट सोडला की पाटीवरची चांदी चमच्यावर जाऊन बसते, जितका वेळ ठेवाल तितका थर जाड. फ्रान्समध्ये क्रिस्तोफलनं तेच हक्क १८४२ मध्ये घेतले. वॉकर अँड हॉल १८४५ चे, शेफिल्डचे, त्यांच्या मालावर छोटा झेंडा असतो आणि त्यात त्यांची अक्षरं, तोच झेंडा माझ्या पेटीतल्या प्रत्येक नगावर आहे. जोडीला ए-वन लिहिलेलं, पण तो सरकारी दर्जा नव्हे, कंपनीनं आपल्या जाड थराला दिलेलं नाव. माझ्या सेटपुरतं ते खरं उतरलंय.

कसं ओळखलं सांगतो. चमचा टेबलावर ठेवला की पोटाखालचा जो भाग टेकतो तिथली चांदी सगळ्यात आधी जाते, काट्याची टोकं दुसरी. तिथं पिवळसर झाक दिसली की खालचा निकेल सिल्व्हर उघडा पडला. लालसर दिसलं तर खाली तांबं. माझ्या मोठ्या चमच्यांपैकी दोनच पिवळे पडलेत, बाकी इतक्या वर्षांनी तसेच. घेताना वरची चमक पाहू नका, ती पॉलिशनं कोणीही आणतो, पाठ पाहा.

दुसऱ्या कंपन्यांचा माल दिसला तर दोन खुणांनी घोळ होतो. अमेरिकन चमच्यांवर "१८४७ रॉजर्स ब्रदर्स" लिहिलेलं असतं, विकणारे म्हणतात १८४७ सालचा चमचा. नाही, ते ब्रँडचंच नाव आहे, नंतर कितीतरी दशकं त्याच नावानं माल निघाला. आणि जर्मनीच्या डब्ल्यूएमएफवर ९० आकडा असतो, तो ९० टक्के चांदी नव्हे, बारा मोठे चमचे आणि बारा काटे मिळून ९० ग्रॅम चांदी चढवली असा हिशोब आहे. ८०० लिहिलं असेल तर मात्र थांबा, ती खरी ८० टक्के चांदी.

सुऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे. चमचे-काटे घ्या, सुऱ्या बघून घ्या. स्टेनलेस स्टील शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ मध्ये काढलं, त्याआधीची पाती साधी पोलादी, आपल्या पावसाळ्यात रातोरात गंजतात. पात्यावर स्टेनलेस लिहिलं असेल तर ती सुरी त्यानंतरचीच. मुठी राळेसारख्या मसाल्यानं बसवलेल्या असतात, गरम पाण्यात भिजवल्या की सुटतात, माझ्या पेटीतली एक मूठ आधीच हलत होती. आणि मूठ हस्तिदंताची आहे म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर सरळ उठून या, वन्यजीव कायद्याखाली त्या व्यापाराला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे.

वापरताना एकच काळजी, राख, रांगोळी, तारेची घासणी अजिबात नाही. आमच्या आईनं पहिल्याच दिवशी राख घेतली होती, मी हात धरला. घासलं की काळेपणासोबत चांदी पण जाते आणि गेलेली चांदी परत येत नाही. अंडं, कांदा यातल्या गंधकानं चांदी काळी पडते, त्यावर उपाय सोपा, पातेल्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरा, खाण्याचा सोडा टाका, कडक पाणी ओता, चमचे फॉइलला टेकून ठेवा, थोड्या वेळात काळेपणा फॉइलवर जातो आणि चांदी जागेवर राहते. वास येतो, येऊ द्या. सुऱ्या यात टाकू नका. मीठ लागलेला चमचा रात्रभर ठेवू नका, आणि रबर बँड लावून तर ठेवूच नका, रबरातल्या गंधकानं काळा पट्टा उमटतो.

आकाराचं पण सांगतो कारण हे कोणी सांगत नाही. टेबलस्पून आपल्याला खायला मोठा पडतो, तो वाढायला घ्या, वरण-कढीला फार छान. खायला डेझर्ट स्पून, म्हणजे मधला. काटे आमच्याकडे फळं कापली तरच निघतात. त्याच दुकानात एका डब्यात सुटे मधले चमचे पडले होते, वेगवेगळ्या कंपन्यांचे, पेटी नाही म्हणून स्वस्त. पूर्ण सेटचा हट्ट नसेल तर तेच निवडून घ्या, पाठी तपासून. सोबत फिश नाइफची नक्षीदार पेटी पण होती, दिसायला सुंदर, पण आपल्याकडे मासळी हातानंच खातात, मी ठेवून आलो.